बाळासाहेब खेर : एका सॉलिसिटरची जीवनकथा

मालमत्तेच्या व्यवहारात वकिलाचे नाव सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. ज्याने घर घेतले तो वास्तुशांत करतो, ज्याने विकले तो पैसे मोजून घेतो, आणि ज्याने जुनी कागदपत्रे चाळून व्यवहार निर्वेध केला तो आपली फी घेऊन पुढच्या फायलीकडे वळतो. बंगळूरात घर किंवा भूखंड घेतलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे सविस्तर सांगायला नको. खाते 'ए' की 'बी', मूळ दस्त हाती आहे का, बोजा प्रमाणपत्र किती वर्षांचे काढले, शेतजमीन रीतसर बिनशेती झाली होती का, या प्रश्नांनी आपल्यापैकी अनेकांची झोप कधी ना कधी उडविली आहे. अशाच कागदांत उमेदीची वर्षे घालविलेला एक मराठी सॉलिसिटर पुढे मुंबई इलाख्याचा मुख्य प्रधान झाला. जमीन, घरभाडे आणि शाळा या तिन्ही विषयांवर त्याच्या कारकिर्दीत झालेल्या कायद्यांचा परिणाम दोन-तीन पिढ्यांनी अनुभवला. त्यांचे नाव बाळ गंगाधर खेर. लोक त्यांना बाळासाहेब खेर म्हणत.

शाळेच्या हीरकमहोत्सवी ग्रंथात त्यांचे स्मरण करण्यास आणखीही एक कारण आहे. मुख्य प्रधान असताना त्यांनी शिक्षणखाते स्वतःकडे ठेवले होते, आणि मातृभाषेतून शिक्षण हा त्यांचा नुसता बोलण्याचा विषय नव्हता. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे त्या काळी मुंबई इलाख्यातच असल्यामुळे, आज बंगळूरात स्थायिक झालेल्या कित्येक मराठी कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांचेही ते मुख्य प्रधान होते.

खेरांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरीस झाला. घर मध्यमवर्गीय, कोकणातल्या सुशिक्षित कुटुंबांसारखेच विद्येवर भिस्त ठेवणारे. त्यांचे नाव आणि वडिलांचे नाव लोकमान्य टिळकांशी अक्षरशः जुळणारे, आणि शाळाही टिळक, चिपळूणकर व आगरकर यांनी पुण्यात उभी केलेली न्यू इंग्लिश स्कूल. एवढे साम्य सोडले तर स्वभावाने ते टिळकांहून फार निराळे होते. आवाज चढविणे, प्रतिपक्षावर तुटून पडणे हा त्यांचा पिंड नव्हता. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातून १९०८ साली ते पदवीधर झाले. संस्कृतातील प्रावीण्याबद्दल त्यांना भाऊ दाजी पारितोषिक मिळाले. संस्कृताची ही गोडी त्यांना जन्मभर पुरली.

कायद्याचा अभ्यास पुरा करीत असतानाच त्यांना मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर फ्रँक बीमन यांच्या हाताखाली काम मिळाले. न्यायाधीशाच्या दालनात बसून निकाल कसे घडतात हे पाहण्याची संधी तरुण वकिलाला क्वचितच लाभते. त्यानंतर सॉलिसिटरची परीक्षा उत्तीर्ण होऊन १९१८ साली त्यांनी भागीदारीत मणिलाल खेर अँड कंपनी ही पेढी सुरू केली.

सॉलिसिटर म्हणजे काय, हे आजच्या वाचकांना थोडे उलगडून सांगितले पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वकिलीचे दोन भाग होते. न्यायाधीशापुढे उभा राहून युक्तिवाद करी तो बॅरिस्टर किंवा अ‍ॅडव्होकेट. अशिलाला भेटून, कागद जमवून, प्रकरण तयार करून ते त्याच्या हाती देई तो सॉलिसिटर. सॉलिसिटर होण्यासाठी आधी एखाद्या पेढीत उमेदवारी करावी लागे आणि मग अवघड परीक्षा द्यावी लागे. ही दुहेरी पद्धत १९७६ च्या कायदेदुरुस्तीनंतर सक्तीची राहिली नाही. परंतु खेरांच्या काळी मुंबईतील बड्या मालमत्तांचे व्यवहार बहुतेक सॉलिसिटरांच्या पेढ्यांतूनच होत. विक्रेत्याच्या मालकीचा धागा मागे मागे नेत तीस-चाळीस वर्षांचे दस्त तपासणे, निबंधकाच्या कचेरीत नोंदींचा शोध घेणे, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागविणे, संशयाच्या प्रत्येक जागी विक्रेत्याच्या वकिलाला लेखी प्रश्न विचारणे, आणि अखेर खरेदीखत, गहाणखत किंवा भाडेपट्टा लिहिणे, हे त्यांचे रोजचे काम. एका स्वल्पविरामाने घराची भिंत शेजाऱ्याची होऊ शकते, हे शिक्षण या कामात आपोआप मिळते.

मुंबईच्या जमिनीचे प्रकारही सरळ नव्हते. फजंदारी म्हणजे जमीन एकाची, तिच्यावरचे घर दुसऱ्याचे, आणि घरमालकाने जमीनमालकाला वर्षाकाठी लहानशी रक्कम द्यायची. टोका, सनदी, पेन्शन अँड टॅक्स अशी आणखीही नावे होती, आणि प्रत्येकामागे पोर्तुगीज वा कंपनी सरकारच्या अमदानीतला काही इतिहास होता. त्यात १८९६ च्या प्लेगची भर पडली. दाट वस्त्यांतील मृत्यूंचे थैमान पाहून सरकारने १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढणे, आणि दादर-माटुंग्यासारख्या भागांत आखीव भूखंड पाडून ते दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देणे हे त्याचे काम. (याच प्लेगच्या धास्तीतून बंगळूरात बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या वसाहती आखल्या गेल्या. दोन्ही शहरांच्या भूखंडांचा इतिहास एका रोगापासून सुरू होतो, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.) खेरांची पेढी सुरू झाली त्या सुमारास हे नवे भूखंड, नवे पट्टे, जुन्या वाड्यांच्या वाटण्या आणि गिरणगावातल्या चाळींची खरेदी-विक्री यांना ऊत आला होता.

या व्यवहारांतील एक गोष्ट आजही डोळ्यांपुढे आणण्यासारखी आहे. दस्तऐवज इंग्रजीत, आणि इंग्रजीही वकिली, अर्धविरामांवर तोललेल्या अर्ध्या-अर्ध्या पानाच्या वाक्यांची. ज्याची मालमत्ता जाणार त्याला पुष्कळदा इंग्रजीचे अक्षर येत नसे. तो मोडीत सही करी, नाही तर शाईत बुडविलेला अंगठा उमटवी. मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगितला, असे कागदाच्या शेवटी लिहिलेले असे. तो त्याला कितपत समजला, हे समजावून सांगणाराच जाणे. मुंबईतील प्रत्येक सॉलिसिटरने हे दृश्य शेकडो वेळा पाहिले असणार. खेरांच्या पुढील आयुष्यातील दोन कामे, कसणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आणि सर्वांना स्वभाषेतून शिक्षण, ही या अनुभवापासून फार दूरची नाहीत, असे त्यांचे चरित्र वाचताना मला वाटत आले आहे.

पेढी जम धरीत असतानाच ते राजकारणात ओढले गेले. स्वराज्य पक्षाच्या मुंबई शाखेचे ते चिटणीस झाले. १९३० च्या कायदेभंगात त्यांना आठ महिन्यांची सक्तमजुरी आणि दंड, १९३२ साली पुन्हा दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. सॉलिसिटराच्या दृष्टीने तुरुंगवास म्हणजे केवळ शारीरिक कष्ट नव्हेत. अशिलांचे विश्वासाचे कागद ज्याच्या कपाटात आहेत, तो माणूस दोन-दोन वर्षे दिसेनासा होतो. अशील दुसरीकडे जातात. सार्वजनिक जीवनातील त्यागाच्या हिशेबात ही बाजू सहसा मांडली जात नाही.

१९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेसला यश मिळाले, आणि विधिमंडळ पक्षाचा नेता म्हणून खेरांची निवड झाली. ती अनेकांना अनपेक्षित होती. मुंबईचे लोकप्रिय पुढारी खुर्शेद फ्रामजी नरिमन हेच मुख्य प्रधान होणार असे सर्वत्र धरून चालले होते. नरिमनही वकील, आणि मालमत्तेच्याच प्रश्नावर गाजलेले. बॅक बे येथे समुद्र हटवून जमीन काढण्याच्या सरकारी योजनेतील गैरव्यवहार त्यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निर्भयपणे चव्हाट्यावर आणले होते. आपल्याला डावलण्यात सरदार पटेलांचा हात असल्याचा आरोप त्यांनी केला. गांधीजी आणि बहादुरजी यांनी केलेल्या चौकशीचा निर्णय नरिमन यांच्या विरुद्ध गेला. या वादाची कटुता पुष्कळ दिवस टिकली. खेर स्वतः त्या भांडणात कोठे दिसत नाहीत. त्यांची बाजू घेणारे म्हणतील की हा त्यांचा सुसंस्कृतपणा. टीकाकार म्हणतील की पटेलांना असाच शांत माणूस हवा होता. दोन्हींत तथ्य असावे.

जुलै १९३७ मध्ये खेर मंत्रिमंडळ अधिकारावर आले. मोरारजी देसाई महसूल, कन्हैयालाल मुन्शी गृह, डॉ. गिल्डर आरोग्य व अबकारी, बेळगाव-कोल्हापूरकडचे अण्णासाहेब लठ्ठे अर्थ, अशी जबाबदारी वाटली गेली. काँग्रेसच्या ठरावाप्रमाणे मंत्र्यांनी महिना पाचशे रुपयेच पगार घेतला. आपल्या पेढीत राहते तर खेरांना याहून अधिक प्राप्ती सहज झाली असती.

या मंत्रिमंडळापुढे पहिला मोठा प्रश्न आला तो मालमत्तेचाच. कायदेभंगाच्या काळात सारा भरण्याचे नाकारल्यामुळे गुजरातेत, आणि कारवार जिल्ह्यात अंकोला व सिद्धापूर भागात, शेकडो शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने जप्त करून विकल्या होत्या. विकत घेणाऱ्यांपाशी रीतसर कागद होते. कायद्याच्या चोख नजरेने पाहिले तर मालक तेच. आंदोलकांच्या दृष्टीने ती लूट होती. सरकारने १९३८ साली कायदा करून, खरेदीदारांना मोबदला देऊन, त्या जमिनी मूळ शेतकऱ्यांकडे परत आणविल्या. खरेदीखत खोटे न ठरविता त्याचा परिणाम पुसून टाकण्याची ही रीत मला विशेष वाटते. अंकोल्याकडील घरांत त्या जमिनींच्या परतीच्या आठवणी अजून सांगितल्या जातात.

त्यानंतर १९३९ चा कूळकायदा. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्या कुळाला 'संरक्षित कूळ' मानून, त्याला मनास येईल तेव्हा हुसकावून लावण्यास या कायद्याने आडकाठी केली. त्याच वर्षी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचाही कायदा झाला. मात्र कूळकायद्याचा अंमल आरंभी मोजक्या जिल्ह्यांतच झाला. सबंध प्रांताला तो लागू होण्यास युद्ध संपावे लागले.

येथे खेरांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते ज्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मले, तेथे खोती होती. सरकार आणि कुळे यांच्यामधला खोत गावाचा सारा भरी आणि कुळांकडून त्याहून कितीतरी अधिक वसूल करी; वेठबिगारीही घेई. ती रद्द करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये विधिमंडळात मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील व अन्य भागांतील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, आणि त्यांचे शिष्टमंडळ खेरांना भेटले. तरीही खेर सरकारने ते विधेयक पुढे नेले नाही. खोती रद्द होण्याचा कायदा १९४९ साली, खेरांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत, संमत झाला आणि १९५० साली अमलात आला. एका तपाचा हा विलंब. आंबेडकरही वकील, तेही मालमत्तेचा कायदा जाणणारे. पण ते कुळाच्या बाजूने आत शिरले होते, आणि खेर दस्ताच्या बाजूने बाहेर येत होते. १९३८ च्या औद्योगिक कलह कायद्यावरूनही दोघांत तीव्र विरोध झाला आणि मुंबईत कामगारांचा एक दिवसाचा संप झाला.

नोव्हेंबर १९३९ मध्ये, भारताला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पुढे पुन्हा तुरुंग. १९४२ च्या आंदोलनात पकडलेले खेर १९४४ साली सुटले. या मधल्या काळात ठाणे जिल्ह्यातील वारली आणि इतर आदिवासींसाठी आदिवासी सेवा मंडळाचे काम त्यांनी उभे केले. तेथील प्रश्नाचे मूळही जमिनीतच होते. पूर्वी आदिवासींच्या असलेल्या जमिनी कर्जापायी सावकार-जमीनदारांच्या नावे झाल्या होत्या, आणि मूळ मालक त्याच जमिनीवर वेठीला राबत होते. खेरांचा मार्ग आश्रमशाळा, वसतिगृहे आणि समजुतीचा. त्याच भागात गोदावरी व शामराव परुळेकरांनी किसान सभेतर्फे लढ्याचा मार्ग धरला. १९४६ साली खेर पुन्हा मुख्य प्रधान झाल्यावर त्यांच्याच सरकारने परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केले. आदिवासींचे हित दोघांनाही हवे होते, पण वेठबिगार मोडण्याचे श्रेय वारली लोक गोदावरीबाईंनाच देतात, आणि ते योग्य आहे.

एप्रिल १९४६ ते एप्रिल १९५२ ही खेरांची दुसरी कारकीर्द. स्वातंत्र्य, फाळणीनंतर लोटलेले निर्वासित, गांधीहत्या आणि तिच्यामागून उसळलेल्या दंगली, संस्थानांचे विलीनीकरण, हे सारे या सहा वर्षांत घडले. त्याची हकीकत इतरत्र पुष्कळ आली आहे. मालमत्तेच्या कायद्यापुरते पाहिले तरी ही सहा वर्षे असामान्य भरतात. १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा, त्याच वर्षीचा भाडेनियंत्रण कायदा, १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि त्याच वर्षी स्थापन झालेले गृहनिर्माण मंडळ. मुंबईत वा महाराष्ट्रात आजही ज्याने जमिनीचा अथवा जुन्या घराचा व्यवहार केला आहे, त्याला यांतील एखाद्या कायद्याशी गाठ पडल्याशिवाय राहिलेली नाही.

१९४८ च्या कायद्याने खंडाची कमाल मर्यादा ठरविली : कोरडवाहू जमिनीवर उत्पन्नाचा तिसरा हिस्सा, बागायतीवर चौथा. पूर्वी अर्धे पीक मालकाच्या कोठारात जाणे ही सर्वसाधारण गोष्ट होती. कुळाला निदान दहा वर्षांची मुदत मिळाली, आणि संरक्षित कुळाला ठरावीक अटींवर जमीन विकत मागण्याचा हक्क. परंतु मालकाने स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागण्याची सोयही कायद्यात होती, आणि कुळाने आपखुशीने जमीन सोडली तर कायदा काही करू शकत नव्हता. ही आपखुशी गावोगाव कशी मिळविली गेली, ते वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे केलेल्या पाहणीत नोंदवून ठेवले आहे. कागदावर अंगठा पुन्हा कुळाचाच होता.

दुसरी बाजूही आहे. कोकणात आणि देशावर चार-दोन एकर जमिनीच्या खंडावर जगणारी कुटुंबे होती. त्यांत विधवा होत्या, शहरात तुटपुंज्या पगारावर असलेले कारकून आणि शाळामास्तर होते. त्यांच्या हातून जमिनी गेल्या. हा वर्ग बहुतांशी खेरांच्याच सामाजिक थरातला. आपल्याच लोकांचा राग पत्करून त्यांनी हा कायदा होऊ दिला, आणि त्याबद्दल त्या घरांतून त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले. कूळकायद्यात जमीन गेली, हे वाक्य आपल्यापैकी काहींनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. दुसऱ्या काहींच्या घरी कूळकायद्याने जमीन मिळाली, असे म्हणतात. शाळेच्या एकाच वर्गात ही दोन्ही घरची मुले शेजारी शेजारी बसली.

भाडेनियंत्रणाची कथा अधिक गुंतागुंतीची. युद्धकाळात मुंबईची लोकसंख्या फुगली, फाळणीनंतर आणखी भर पडली, आणि खोली मिळणे देवदुर्लभ झाले. घरमालक भाड्याशिवाय पागडी मागू लागले. १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण मानले, पागडी घेणे हा गुन्हा ठरविला आणि भाडेकरूला हुसकावणे कठीण केले. त्या घडीला लक्षावधी कुटुंबांना या कायद्याने छप्पर दिले यात शंका नाही. पण तात्पुरता म्हणून केलेला तो कायदा मुदतीमागून मुदत वाढवीत ३१ मार्च २००० पर्यंत चालला. भाडे गोठले, दुरुस्ती थांबली, चाळी खचल्या, आणि पागडी तर नाहीशी न होता रुजूच होऊन बसली. याचा दोष १९४७ च्या मुख्य प्रधानाला द्यावा, की त्याच्यामागून आलेल्या आणि मतांच्या भीतीने हात न घालणाऱ्या सर्वांना? मला दुसरे अधिक न्याय्य वाटते. नवी घरे बांधल्याशिवाय नुसत्या नियंत्रणाने भागणार नाही हे खेर सरकारला कळत होते. म्हणूनच त्याने गृहनिर्माण मंडळ स्थापन केले. वांद्र्याच्या पूर्वेला खेरवाडी आणि खेरनगर ही नावे आहेत, ती त्यांचीच.

शिक्षणाकडे वळायचे, तर १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास गांधीजींनी भरविलेल्या परिषदेपासून खेर मूलोद्योग शिक्षणाच्या विचारात गुंतले होते. या योजनेची छाननी करण्यासाठी केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने नेमलेल्या दोन्ही समित्यांचे अध्यक्ष तेच होते. मुंबईत १९३९ साली प्रौढांच्या साक्षरतेची मोहीम निघाली. गिरण्यांच्या चाळींत रात्रीचे वर्ग भरू लागले. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्तीच्या शिक्षणाला आधार दिला. १९४८ च्या कायद्याने माध्यमिक शालान्त परीक्षा मंडळ निर्माण झाले आणि १९४९ साली विद्यापीठाच्या मॅट्रिकऐवजी पहिली एस.एस.सी. परीक्षा झाली. पुणे विद्यापीठ, आणि कन्नड भाषकांच्या मागणीचे कर्नाटक विद्यापीठ, ही दोन्ही याच कारकिर्दीतली. कर्नाटक विद्यापीठाचा कायदा १९४९ चा. त्याची कचेरी आधी मुंबईत होती आणि वर्षभराने धारवाडला गेली. केंद्राने उत्पन्नाच्या दहा टक्के आणि प्रांतांनी वीस टक्के शिक्षणावर खर्च करावेत, ही शिफारसही खेर समितीचीच. ती त्या प्रमाणात कधी पाळली गेली नाही.

मात्र सर्वांत गाजला तो इंग्रजीचा निर्णय. पाचवी ते सातवी या इयत्तांतून इंग्रजी काढून ते आठवीपासून शिकवावे, असे सरकारने ठरविले. त्यामागचा विचार सरळ होता. मूल चौथीनंतर इंग्रजीच्या स्पेलिंगांशी झगडत बसते आणि धड कोणतीच भाषा त्याला येत नाही. शिवाय बहुसंख्य मुले सातवीनंतर शाळा सोडतात, त्यांना अर्धवट इंग्रजीचा काय उपयोग? पण शहरी पालकांना तो आपल्या मुलांच्या नोकऱ्यांवरचा घाला वाटला. आठवीत इंग्रजी सुरू करून महाविद्यालयात इंग्रजी व्याख्यानांना सामोरी गेलेली ती पिढी आता वार्धक्यात आहे. तिच्यातले काही अजून खेरांवर रुष्ट आहेत, आणि आमचे मराठी आणि गणित त्यामुळे पक्के झाले असे म्हणणारेही भेटतात. आज बंगळूरसारख्या बहुभाषी नगरात मूल कोणत्या माध्यमात घालावे याचा विचार करणाऱ्या प्रत्येक आई-बापाला हा वाद जुना वाटणार नाही.

१९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर मोरारजी देसाई मुख्यमंत्री झाले, आणि खेर भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला गेले. तेथे ते १९५४ पर्यंत होते. त्याच वर्षी, या पदव्या प्रथमच दिल्या गेल्या तेव्हा, त्यांना पद्मविभूषण मिळाले. वय पासष्टीच्या पुढे गेले होते. तरीही जून १९५५ मध्ये एकवीस सदस्यांच्या राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. देशभर हिंडून साक्षी घ्यायच्या, आणि हिंदीचे नाव काढताच दक्षिणेत आणि बंगालात उठणारा विरोध ऐकून घ्यायचा, असे ते काम. सुनीतिकुमार चटर्जी आणि पी. सुब्बरायन यांच्यासारख्या सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. अहवालाचा एक मोठा भाग कायद्याच्या आणि न्यायालयाच्या भाषेवर आहे. खालच्या न्यायालयांचे काम लोकांच्या भाषेत चालावे, असा त्याचा रोख होता. चाळीस वर्षांपूर्वी इंग्रजी दस्त लिहिणाऱ्या सॉलिसिटराने हे प्रकरण तपशिलाने हाताळावे यात नवल नाही.

अहवाल १९५६ साली राष्ट्रपतींना सादर झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. खेरांच्या सरकारचा कूळकायदा मात्र त्या जिल्ह्यांत चालूच राहिला. म्हैसूरचा १९६१ चा जमीनसुधारणा कायदा १९६५ साली अमलात येईपर्यंत तेथील कुळे त्याच्याच आधारावर उभी होती.

८ मार्च १९५७ रोजी खेर वारले. त्यांच्या कूळकायद्यात १९५६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जमीन कसणाऱ्याच्या मालकीची मानण्याचा दिवस १ एप्रिल १९५७ हा ठरला होता. तो त्यांच्यामागून तीन आठवड्यांनी उजाडला. राजभाषा आयोगाचा अहवालही संसदेपुढे आला तो त्याच वर्षीच्या ऑगस्टात. मुंबईत मलबार हिलवरच्या रिज रोडला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. तेथील सदनिकांची खरेदीखते देशातील सर्वांत महागड्या दस्तांत मोडतात, आणि त्या प्रत्येकात मिळकतीच्या पत्त्यात बाळ गंगाधर खेर मार्ग असे लिहावे लागते.